उसनी हजेरी

शालनबाई हजेरी घेत होत्या. अकरावं नाव झालं, आणि तिसऱ्या ओळीतल्या एका मुलीच्या कपाळाकडे पाहता पाहता माझ्या हातातली पेन्सिल थांबली. कपाळ कोरं होतं, पण दोन भुवयांच्या मध्ये पैशाएवढा गुलाबी डाग होता. ओल्या फडक्यानं घाईघाईनं कुंकू पुसलं की राहतो तसा. दोन वेण्या, एकीला लाल चिंधी, दुसरीला सुतळी. ही चिंधी आणि ही सुतळी मी सकाळी नऊ वाजता नदीपल्याडच्या भैरववाडीच्या शाळेत पाहिली होती. तिथं या मुलीचं नाव पुतळा होतं, कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, आणि तिनं मला तेराचा पाढा असा म्हणून दाखवला होता की मी खूश होऊन शेऱ्यात तिचा खास उल्लेख केला होता. आता साडेबारा वाजले होते, मी नदीच्या अल्याड कासारमळ्याच्या शाळेत बसलो होतो, आणि ती मांडी घालून समोर बसली होती. तिच्या परकराचा काठ ओला होता. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिला ओळखलंय हे तिला कळलेलं होतं. बाईंनी बारावं नाव घेतलं. कुणीतरी हजर म्हणालं. मला ते फार लांबून ऐकू आलं.

मी बोर्डाचा शाळा-तपासनीस. खेड्यापाड्यात अजून दिपोटी म्हणतात. इंग्रज गेला, पण हा शब्द काही गेला नाही. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या प्राथमिक शाळा माझ्या सायकलच्या टप्प्यात येतात. राहायला चिंचवडला, भाड्याच्या दोन खोल्यांत. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिल्यापासून तिथल्या भोंग्यानं जाग येते, आणि जाग येताना रोज एक क्षण असा जातो की आपण कुठं आहोत, केवढे आहोत, काहीच उमगत नाही. वाटतं, आता आई हाक मारेल आणि दप्तर शोधावं लागेल. मग खुंटीवरचा कोट दिसतो आणि मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. या खेपेला बोर्डानं माझ्या हातात एक तक्ता दिला होता. डावीकडे भैरववाडी, उजवीकडे कासारमळा, मध्ये एक उभी रेघ, नदीच म्हणा ना. इमारत, खडू-फळे, पाण्याची सोय, शिक्षक, आणि सगळ्यांत शेवटी हजर मुलं. दोन गावांत मिळून पाचवीचा वर्ग एकच. तीस वर्षं तो भैरववाडीला होता. पण पल्याडची माणसं बायकापोरांसकट कारखान्यांच्या बांधकामावर जाऊ लागली, पट घसरला, आणि बोर्डानं ठरवलं की तपासणीच्या दिवशी चाळीस मुलं समोर दिसली पाहिजेत. भैरववाडीची चाळीस भरली तर पाचवी तिथंच राहील. नाही भरली आणि कासारमळ्याची भरली, तर ती नदी ओलांडून इकडे येईल. एकीकडची तपासणी बघून दुसरीकडच्यांनी तयारी करू नये म्हणून दोन्ही तपासण्या एकाच दिवशी. आमचे हेडक्लार्क बबनराव तक्ता हातात देताना डोळे बारीक करून म्हणाले होते, "अर्जुनराव, एक शाळा तुमच्या गावची आहे, ठाऊक आहे आम्हांला. हात जरा आखडता ठेवा." सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. कासारमळा माझं गाव.

सकाळी भैरववाडीला पोचलो तेव्हा भिमाजी मास्तर पायरीवर उभे होते. पांढरी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, बोटांना खडू. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मला शिकवलं त्याच माणसानं. पाचवी, सहावी, सातवी मी याच दगडी इमारतीत काढली. पोरांसमोर ते मला साहेब म्हणाले. मी त्यांना मास्तर म्हणालो. दोघांनीही त्यापलीकडे काही म्हणायचं नाही, असं जणू ठरलेलंच होतं. वर्गात तोच वास होता, शेणानं सारवलेल्या जमिनीचा आणि ओल्या पाटीचा. त्या वासात माझं नेहमीच काहीतरी सुटतं, तपासनीस गळून पडतो आणि आत बसलेला मुलगा मान वर करतो. मी डोकी मोजली. चाळीस. बरोबर चाळीस, ना एक कमी ना एक जास्त. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण उन्हाची तिरीप फळ्यावर पडली होती, तिच्यात खडूचे कण तरंगत होते, आणि पुतळा गेनबा म्हणून उभी राहिलेली ती मुलगी तेरा साते एक्याण्णववर किंचित मान हलवत होती. असं मान हलवणारी मुलगी मी पूर्वी कुठंतरी पाहिली होती. तक्त्यावर मी पेन्सिलीनं चाळीस लिहिलं. शाई संध्याकाळी घरी गेल्यावर चढवायची, अशी माझी पद्धत.

भैरववाडीहून कासारमळ्याला पायी यायचं तर नदीतून सरळ वाट आहे. माघात पाणी गुडघ्याएवढंच असतं. सायकलला मात्र मोशीच्या पुलावरून लांबचा वळसा पडतो. पूल ओलांडला आणि मागचं चाक बसलं. फाट्यावरच्या चिंचेखाली लालमहंमदचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, पंप आणि पाण्याचं घमेलं. विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा खरा धंदा, सायकली मधल्या वेळात. त्यानं ट्यूब काढली, कान लावून ऐकली. "काटा हाय, साहेब. बाभळीचा. बसा जरा सावलीला." तो काटा आपोआप लागला की भैरववाडीत कुणी लावला, हे मी विचारलं नाही. तो इतक्या सावकाश काम करत होता की बघणाऱ्याला झोप यावी. थोड्या वेळानं म्हणाला, "दोन भोकं हायती." आणखी थोड्या वेळानं, "तिसरं बी हाय वाटतं." काहीतरी बोलायचं म्हणून मी मुलंबाळं किती ते विचारलं. तो म्हणाला, "एकच पोरगी. गौहर. बाईंच्या शाळंत हाय, चवथीत. लई हुशार, साहेब. हितं पाचवी आली तर शिकंल म्होरं."

"आणि पाचवी पल्याडच राहिली तर?"

त्यानं ट्यूब घमेल्यात दाबून धरली. बुडबुडे आले. "पोरीची जात, साहेब. रोज नदीपल्याड कोन पाठवतंय?"

चिंचेच्या बुंध्याला टेकून मी डोळे मिटले असावेत. दिघीच्या बाजूला मिलिटरीचा सराव चालू होता. मधूनच बार उडायचा आणि त्याचा आवाज जमिनीतून पाठीत यायचा. त्या आवाजानं डोळे किलकिले झाले की खाली नदी दिसायची, पांढरीफटक, हललीच तर उन्हानं हलणारी. आणि नदीत एक मुलगी होती. दप्तर डोक्यावर, परकर एका हातात गोळा केलेला, तोंडानं काहीतरी पुटपुटत ती पाण्यातून येत होती. तिच्या मागं बऱ्याच अंतरावर एक पांढरी टोपी. मला अजिबात नवल वाटलं नाही. मला वाटलं, गवरा आली. गवरा माझी बहीण, माझ्याहून दीड वर्षानं मोठी. पाढे म्हणताना मान हलवायची ती गवराच. मला इतका आनंद झाला की रडू आलं. मग बार उडाला आणि मी जागा झालो. नदी रिकामी होती. गवरा दप्तर घेऊन ती नदी कधी ओलांडून गेलीच नव्हती. लालमहंमद हवा भरत होता, त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "झालं, साहेब. आता जावा सावकास."

बाईंनी एकविसावं नाव घेतलं, बाविसावं घेतलं. मारुतीच्या देवळाची ही ओसरी म्हणजे कासारमळ्याची शाळा. फळा खांबाला टांगलेला. याच खांबाखाली गवरा आणि मी बसायचो. आमच्या भागात सावड नावाची रीत आहे. नांगराला एक बैल पुरत नाही. ज्याच्या दावणीला एकच आहे त्यानं शेजाऱ्याचा मागायचा. आज तुझं शेत, उद्या माझं. मागितलेल्याला नाही म्हणायचं नसतं, आणि नेलेला बैल ज्यानं नेला त्यानंच परत आणून दावणीला बांधायचा असतो. भिमाजी मास्तरांनी, किंवा त्यांच्याही आधीच्या कुणी, ही सावड शाळेत आणली होती. दिपोटी यायचा असला आणि पट भरत नसला की नदीपल्याडून पोर मागायचं. सत्तावीस सालच्या माघात त्यांनी मला मागितलं. तेव्हा ते ऐन विशीतले, मी नऊ वर्षांचा. माझं बोट धरून पाण्यातून नेताना त्यांनी सांगितलं, "आज तुजं नाव बाळाजी. बाळाजी म्हटलं की हजर म्हनायचं."

"आन् अर्जुन म्हटलं तर?"

"अर्जुन कुनी म्हननार न्हाई."

मला ते तेव्हा फार भयंकर वाटलं होतं. वर्गात माझ्या नावाचा कुणी नसणार, आणि जो आहे तो मी नसणार. नदीच्या मधोमध उभा राहून मी मागं वळून पाहिलं होतं, आपण काठावर राहिलो आहोत का ते. बाळाजी दिवाळीत तापानं गेला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं नाव मास्तरांनी पटावर तसंच ठेवलं होतं. नाव पुकारलं गेलं, मी हजर म्हणालो, जरा जास्तच मोठ्यानं, आणि खिडकीबाहेरून डोक्यावर हरभऱ्याचा भारा घेऊन चाललेली एक बाई थबकली. दिपोटी गेल्यावर ती आत आली. ती तानाबाई, बाळाजीची आई. मास्तरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, ही आता मला मारणार. तिनं मला उंबऱ्याशी बोलावलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे बघत म्हणाली, "परत एकदा म्हन, बाळा." मी हजर म्हणालो. "परत." मी परत म्हणालो. चार वेळा. मग ती पायरीवर बसली आणि तिनं भाऱ्यातला हरभऱ्याचा ओला टहाळा उपसून माझ्या ओंजळीत दिला. तो मी पाण्यातून येताना खाल्ला. सबंध आयुष्यात तितकं गोड काही खाल्लं नाही, आणि त्याची तितकी लाजही कशाची वाटली नाही.

त्या वर्षीही पाचवीचंच होतं. दोन गावं, एक नवा वर्ग. माझ्या त्या एका हजरवर भैरववाडीची संख्या भरली आणि पाचवी तिकडे गेली. आमच्या घरी यावर फारशी चर्चा झाली नाही. बाप म्हणाला, अर्जुन जाईल नदी ओलांडून, पोरगा आहे, गवरा कशाला. मी गेलो. तीन वर्षं दुपारी तानाबाईच्या घरी भाकरी खाल्ली, ती मला बाळाजीच म्हणायची आणि मी ओ द्यायचो. गवरानं चौथीची पाटी आढ्याला खोचली आणि शेण काढायला लागली. तेराचा पाढा मला तिनंच शिकवला होता. तिला तिसापर्यंत येत होते. संध्याकाळी मी परत आलो की ती गोठ्याच्या दाराशी उभी राहून विचारायची, आज काय शिकवलं, मी सांगायचो, मग हळूहळू मी सांगेनासा झालो आणि ती विचारेनाशी झाली. आता ती मोशीत सासरी असते. धान्य पाखडताना अजून तोंडानं पाढे म्हणते. मी गेलो की थांबते. तीस वर्षांत माझ्या गावातली एकही मुलगी पाचवीत गेली नाही. ते माझ्यामुळे, असं मी कधी कुणाला म्हटलेलं नाही. नऊ वर्षांच्या पोराला काय कळतं, असं लोक म्हणाले असते आणि ते खरंही आहे. पण शब्द माझ्या तोंडून गेला होता.

"अडतीस, एकोणचाळीस," मी मनात मोजत होतो. आणि मग शालनबाईंचा आवाज किंचित खाली आला. "गौहर लालमहंमद."

कुणी बोललं नाही. बाईंनी वर पाहिलं नाही. "गौहर?" तिसऱ्या ओळीतली ती मुलगी माझ्याकडे बघत होती, हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. तिच्या मनात काय चाललंय हे मला जितकं ठाऊक होतं तितकं त्या ओसरीवर कुणालाच नव्हतं. एका दिवसात माणसाला दोनदा हजर म्हणता येतं का? सकाळी जे पल्याड देऊन आलो ते अजून आपल्याकडे शिल्लक आहे का? बाई मान खाली घालून म्हणाल्या, "सकाळपासून जरा कसकस आहे तिला, साहेब." आणि त्यांचं बोट हजेरीपटावर तिच्या नावावरच राहिलं. कुंकू त्यांनीच पुसलं असणार. पोर मागितल्यावर त्यांनाही नाही म्हणता आलं नसणार. ज्या पोरीसाठी पाचवी हवी, तीच पोरगी त्यांनी पाचवी राखायला पल्याड उसनी दिली होती. हे शहरात कुणाला सांगितलं तर खुळे म्हणतील. मला मात्र ते स्वच्छ समजत होतं.

मी गप्प बसलो असतो तर काय झालं असतं? ती बोलली नाही, तर कासारमळा एकोणचाळीस. बोलली, तर दोन्हीकडे चाळीस, पाचवी पल्याडच, बबनराव खूश, माझ्यावर गाववाल्यांची बाजू घेतल्याचा आळ नाही, मास्तरांचा वर्ग शाबूत. दोन्ही वाटांनी ही पोरगी घरी बसणार होती. घडलं ते सगळं लिहून काढलं तर मास्तर आणि बाई दोघांच्याही नोकऱ्या जाणार. आणि नुसता पल्याडचा एक आकडा कमी केला, तर ज्या माणसानं मला माणसात आणलं त्याचा तीस वर्षांचा वर्ग मी माझ्या हातानं मोडणार, आणि सगळं बोर्ड म्हणणार, दिली शेवटी पाचवी आपल्या गावाला. तेवढ्यात उजेड कमी झाला. ओसरीच्या तोंडाशी भिमाजी मास्तर उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, टोपी हातात. म्हणजे नदीतली ती पांढरी टोपी स्वप्नातली नव्हती. नेलेला बैल ज्यानं नेला त्यानंच परत बांधायचा. पोर धड पोचली का बघायला ते तिच्या मागं आले होते आणि इतका वेळ देवळाच्या पायरीवर बसून हजेरी ऐकत होते. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. मी पाहिलं. त्यांनी एकदा तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि एकदा माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे, आणि त्यांना सगळं कळलं. त्यांच्यापासून मी कधी काही लपवू शकलो नव्हतो.

"सांग पोरी," ते म्हणाले. "तुजं नाव सांग साहेबांना. तुजं."

"गौहर," ती म्हणाली. आणि मग, "हजर."

"परत एकदा म्हण," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण तो मला त्या भैरववाडीच्या उंबऱ्यावरून आल्यासारखा वाटला.

"हजर!" ती जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली, आणि पोरं हसली.

उजव्या रकान्यात मी चाळीस लिहिलं. मग खिशातलं रबर काढून डावीकडचं चाळीस खोडलं आणि एकोणचाळीस केलं. पुतळाबद्दलचा शेराही खोडला. ती खरी पुतळा बहुधा पिंपरीला कुठंतरी आईच्या मागं मागं विटा उचलत असेल. तिचं मी काहीच केलं नाही, तेही लिहून ठेवायला हवं. रबरानं खोडलेलं पुरतं जात नाही. कागदावर पुसट चाळीस दिसत राहिलं. मी पेन काढलं आणि घरी जायची वाट न बघता तिथंच शाई चढवली.

बाहेर आलो तर मास्तर सायकलपाशी उभे होते. आत बाईंनी पाढे सुरू केले होते.

"किती लिवलं?"

"एकोणचाळीस."

पाटी तपासून झाल्यावर म्हणायचे त्याच सुरात ते म्हणाले, "बरूबर हाय." आम्ही नदीकडे चालत गेलो, मी सायकल हातानं ढकलत. दिघीकडे एक बार उडाला. मला माफी मागायची होती, पण नेमकी कशाची ते सापडत नव्हतं. काठाशी आल्यावर त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली, आणि पाण्याकडे बघत विचारलं, "गवरा कशी हाय?"

मला वाटायचं, गवराचं ते फक्त मलाच ठाऊक आहे. तीस वर्षं मी ते एकटाच वाहतोय असं मला वाटायचं, आणि या माणसानंही तितकीच वर्षं, रोज वर्गात उभं राहून, आमच्या काठाकडे बघत ते वाहिलं होतं.

"बरी हाय, मास्तर," मी म्हणालो. "अजून तिसापत्तूर येत्यात तिला."

त्यांनी मान डोलावली, धोतर वर खोचलं आणि ते पाण्यात उतरले.